माशाच्या विषाचं इंजेक्शन येईपर्यंत आईचा दुसरा गुडघा थांबवावा का?

वाडीतल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. आईचं वय ७१. काही महिन्यांपूर्वी उजवा गुडघा बदलला. ऑपरेशनचा दिवस इतका आरामात गेला की भेटायला आलेल्यांना आईच चहा घ्या म्हणून आग्रह करत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र कळ अशी उसळली की त्यांनी घरच्यांना बजावलं, डाव्या गुडघ्याचं नाव काढू नका. मुलाने वाचलं आहे की फुगणाऱ्या माशाच्या आणि शिंपल्यांच्या विषापासून अशी औषधं तयार होत आहेत, जी फक्त दुखण्याची नस दोन-तीन दिवस बंद ठेवतात आणि पाय हलता राहतो. ओळखीचे वैद्य म्हणाले, आपला बचनागही तेच करतो. तर डाव्या गुडघ्यासाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं का, आणि तोवर बचनागाचा लेप चालेल का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. मी बडोद्यात भूल देण्याचंच काम करतो आणि ही विषं माझ्या आवडीचा विषय आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. घाईत असाल तर शेवटचे चार-पाच परिच्छेद आधी वाचा.

मज्जातंतूतून संदेश जातो तो सोडियमच्या जोरावर. तंतूच्या आवरणात प्रथिनांच्या बारीक वाहिन्या असतात, त्या क्षणभर उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि विजेची लाट पुढे सरकते. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या जाड तंतूवर हे गणितासह मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दात काढताना डॉक्टर टोचतात ते लिग्नोकेन काय किंवा आईंना दिलेलं बुपिवाकेन-रोपिवाकेन काय, सगळी औषधं याच वाहिन्या बंद करतात. पण ती बंद करतात आतल्या बाजूने. औषधाचा रेणू आधी तंतूच्या चरबीच्या आवरणातून आत शिरतो आणि मग आतून वाहिनीत अडकतो. पू झालेल्या दाताला भूल नीट चढत नाही याचं एक कारण हेच: तिथे आम्लता वाढलेली असते, रेणूवर विद्युतभार येतो आणि त्याला आवरण ओलांडता येत नाही.

समुद्री विषांची तऱ्हा उलट. टेट्रोडोटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन ही दोन्ही बाहेरून येतात आणि बाटलीला बूच बसावं तशी वाहिनीच्या बाहेरच्या तोंडावर बसतात. या जागेला संशोधक 'साइट १' म्हणतात. बुचाच्या टोकाला ग्वानिडिनियम नावाचा धनभारित गट असतो. ज्या जागेतून सोडियम जायला हवं, तिथेच तो जाऊन बसतो.

टेट्रोडोटॉक्सिन हे फुगणाऱ्या माशांचं विष. कोकणात ज्याला केंड म्हणतात, ते याच कुळातले मासे. कॅप्टन कुकने १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियात असल्या एका माशाचं काळीज आणि गाबोळी चाखली आणि रात्रभर हातापायांतली शक्ती गेल्याचं रोजनिशीत लिहून ठेवलं. जपानच्या ताहारा यांनी १९०९ मध्ये विषाला नाव दिलं, रेणूची रचना उलगडली १९६४ मध्ये, आणि त्याच वर्षी नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉबस्टरच्या तंतूवर दाखवलं की हे विष सोडियमचाच प्रवाह थांबवतं, पोटॅशियमला हातही लावत नाही. हा साधा निष्कर्ष नव्हता. इतक्या नेमकेपणाने एकाच प्रकारची वाहिनी बंद करणारं दुसरं काही तेव्हा हाताशी नव्हतं. विष मासा स्वतः बनवत नाही, जिवाणू बनवतात आणि अन्नातून ते माशात साठतं. माशाला काही होत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या सोडियम वाहिन्या थोड्या वेगळ्या घडणीच्या आहेत. बूच तिथे नीट बसत नाही.

सॅक्सिटॉक्सिन सूक्ष्म शैवालं आणि काही सायनोबॅक्टेरिया बनवतात. शिंपले ते गाळून पोटात साठवतात आणि माणूस शिंपले खातो. अलास्कातल्या ज्या शिंपल्यातून ते शुद्ध केलं, त्याचं शास्त्रीय नाव सॅक्सिडोमस, म्हणून हे नाव. नियोसॅक्सिटॉक्सिन हा त्याचाच भाऊबंद, आणि इंजेक्शनच्या दृष्टीने सध्या सगळ्यात पुढे असलेला.

मात्रेचा अंदाज घ्या. ०.२५ टक्के बुपिवाकेनचं २० मिलीचं एक इंजेक्शन म्हणजे ५० मिलिग्रॅम औषध. बोस्टनमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर नियोसॅक्सिटॉक्सिनची जी पहिली चाचणी झाली, तिच्यात ५ ते ४० मायक्रोग्रॅमच्या मात्रा वापरल्या होत्या. त्यातली १० मायक्रोग्रॅमची मात्रा धरली तर वजनाने पाच हजारपट कमी. या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये छापून आला. नुसतं विष, नुसतं बुपिवाकेन आणि दोन्ही एकत्र, अशी तुलना होती. एकत्र दिल्यावर बधिरपणा नुसत्या बुपिवाकेनच्या कितीतरी पट टिकला. जास्त मात्रेत काहींच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, पण सोबत अ‍ॅड्रिनॅलिन मिसळल्यावर हा त्रास खूपच कमी झाला, कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध टोचल्या जागी राहतं. चिलीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांच्या विषबाधेचा त्रास जुनाच आहे. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात जखमांभोवती नियोसॅक्सिटॉक्सिन टोचून पाहिलं, आणि त्याच घराण्यातलं गोनिऑटॉक्सिन गुदद्वाराच्या फिशरसाठीही. फिशरचा रोगी काय सोसतो हे ज्याने पाहिलंय, त्याला या निवडीचं आश्चर्य वाटणार नाही.

आता माझं मत. लोकांना या विषांचं कौतुक वाटतं ते दोन-तीन दिवसांच्या बधिरपणाचं. मला वाटतं ते हृदयाचं.

ब्लॉक, म्हणजे नसेजवळ भुलीचं इंजेक्शन, देताना मी रोग्याशी सतत बोलत असतो. 'काकू, जीभ जड वाटतेय का? तोंडात लोखंडासारखी चव येतेय का? कानात काही गुणगुणतंय?' आमच्याकडे हे गुजरातीत विचारावं लागतं, कधी हिंदीत. गप्पा म्हणून हे चालू नसतं. बुपिवाकेन चुकून शिरेत गेलं किंवा जास्त झालं, तर पहिली खूण जिभेवर आणि ओठांवर दिसते, मग झटके येतात आणि मग हृदय. हृदयाच्या सोडियम वाहिन्यांना बुपिवाकेन चिकटलं की लवकर सुटत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत याबद्दल जाहीर इशारा दिला गेला, तेव्हापासून साऱ्या भूलतज्ज्ञांच्या मनात ही धास्ती आहे. आज उपाय आहे: २० टक्के चरबीचं इमल्शन, वजनाच्या दर किलोला दीड मिली, शिरेतून झटपट. ते पांढरं दुधासारखं पाकीट ब्लॉक देण्याच्या खोलीत हाताच्या अंतरावर असायलाच हवं. नसेल तर मी सुई उचलत नाही.

समुद्री विषांचा स्वभाव इथे वेगळा ठरतो. माणसाच्या सोडियम वाहिन्यांचे नऊ प्रकार आहेत, १.१ ते १.९ असे त्यांचे क्रमांक. हृदयात मुख्यतः १.५ असते. तिच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल वेगळं आहे: बाकीच्या बऱ्याच वाहिन्यांत जिथे वलयाकार साखळीचं आम्ल असतं, तिथे इथे सिस्टीन आहे. एवढ्याशा फरकाने टेट्रोडोटॉक्सिनची पकड शेकडो पटींनी ढिली पडते. म्हणून विषारी मासा खाल्लेल्याचा श्वास थांबतो, हृदय बहुधा चालू राहतं. उतारा नाही, पण व्हेंटिलेटरवर वेळेत ठेवलं तर विष उतरेपर्यंत माणूस तग धरू शकतो. आमच्या धंद्यात श्वास देणं हे रोजचं काम आहे. अडून बसलेलं हृदय चालू करणं ही वेगळी गोष्ट. चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला जाणार, हे मला नव्या औषधाबद्दल आधी कळायला हवं, आणि या कसोटीवर ही विषं बुपिवाकेनपेक्षा सरस ठरू शकतात.

पण तुमच्या प्रश्नातलं मर्म दुसरं आहे: फक्त दुखण्याची नस बंद आणि पाय हलता. इथे लेखांनी जरा फुगवून सांगितलंय.

नियोसॅक्सिटॉक्सिन असो वा टेट्रोडोटॉक्सिन, ती सोडियम वाहिनी निवडून बंद करतात हे खरं. मात्र स्नायू हलवणाऱ्या तंतूंत, स्पर्श नेणाऱ्या तंतूंत आणि दुखणं नेणाऱ्या तंतूंत ज्या वाहिन्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींना ही विषं सारख्याच आवेशाने धरतात. मांडीच्या मोठ्या नसेजवळ टोचलं तर दोन-तीन दिवस मांडीचा स्नायूही लुळा. गुडघ्याच्या रोग्याला हे नको असतं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहायचं, चार पावलं टाकायची, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्यात आणखी एक गंमत अशी की १.८ आणि १.९ या दुखण्याच्या तंतूंतल्या खास वाहिन्या टेट्रोडोटॉक्सिनला फारशी दादच देत नाहीत.

खरी निवड करायची तर १.७ किंवा १.८ या वाहिन्या पकडायला हव्यात. १.७ वर सगळ्यांची नजर गेली ती २००६ मध्ये. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मापासून वेदनाच न कळणारी मुलं सापडली. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदावं वर्ष लागण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला. या मुलांच्या १.७ वाहिनीच्या जनुकात बिघाड होता. स्पर्श, हालचाल, बुद्धी ठीक. उलट याच जनुकात दुसऱ्या प्रकारचा बदल झाला की हातपाय भाजल्यासारखे जळत राहतात. एकच वाहिनी आणि दोन टोकं. औषध शोधणाऱ्याला याहून स्पष्ट निशाणी काय हवी?

तरीही गाडी अडली. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या जस्टिन दु बॉइस यांच्या गटाने दाखवलं की माणसाच्या १.७ वाहिनीच्या तोंडाशी दोन अमिनो आम्लं इतर वाहिन्यांपेक्षा वेगळी आहेत, आणि त्यामुळे सॅक्सिटॉक्सिन तिला फारच कमी धरतं. म्हणजे ज्या वाहिनीला पकडायचं, नेमकी तीच निसटते. पण रसायनशास्त्रज्ञाला एवढा फरक पुरतो. वाहिनीचं तोंड वेगळं असेल तर बूचही वेगळं घडवता येतं. दु बॉइस यांनी सॅक्सिटॉक्सिन प्रयोगशाळेत पायरीपायरीने २००६ मध्येच बनवलं होतं (पहिला मान किशी यांच्या गटाचा, १९७७). त्यामुळे रेणूचा हवा तो कोपरा बदलणं त्यांच्या हातात होतं. त्यातून एसटी-२२६२ नावाचा रेणू निघाला. तो १.७ ला धरतो आणि इतर प्रकारांना त्यापेक्षा दोनशे पटींहून कमी धरतो. माकडांमध्ये त्याने वेदनेची प्रतिक्षिप्त क्रिया दाबली. बडोद्यात घरटी एक माणूस औषधांच्या कंपनीत आहे. तुम्हाला कुणीही सांगेल की माकडापासून मेडिकलच्या दुकानापर्यंत वाट किती लांब असते आणि वाटेत किती जण गळतात.

१.७ वरच्या इतर औषधांचं काय झालं? पोटातून घ्यायचं एक औषध, पीएफ-०५०८९७७१, मधुमेहातल्या पायांच्या जळजळीत विशेष उपयोगी पडलं नाही. टॅरँटुला कोळ्यांच्या विषातली प्रथिनं १.७ ला छान धरतात, पण तो रस्ताही अजून प्रयोगशाळेतच घुटमळतोय. यश मिळालं ते १.८ ला: सुझेट्रिजिन नावाच्या गोळीला अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी ऑपरेशननंतरच्या आणि तशाच तात्पुरत्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. ती विषापासून बनलेली नाही, साधा रासायनिक रेणू आहे, आणि चाचण्यांत अफूवर्गातल्या नेहमीच्या गोळीवर तिने मात केली नाही. व्यसन लागत नाही ही तिची जमेची बाजू. गोगलगायीच्या विषापासून बनलेलं झिकोनोटाइड २००४ पासून आहे, पण ते कॅल्शियमच्या वाहिन्या धरतं आणि मणक्यातल्या पाण्यात पंपाने सोडावं लागतं. गुडघ्याशी त्याचा संबंध नाही.

वाहिनी निवडण्याऐवजी तंतू निवडण्याची एक युक्ती मला फार आवडते. २००७ मध्ये बिंश्टोक, बीन आणि वुल्फ यांनी लिग्नोकेनचाच एक भाऊबंद घेतला, ज्यावर कायमचा विद्युतभार आहे. तो एकटा तंतूत शिरूच शकत नाही. सोबत दिलं मिरचीतलं कॅप्सेसिन. मिरचीची आग ज्या दारातून आत जाते, ते दार फक्त वेदनेच्या तंतूंना असतं. दार उघडलं, औषध आत गेलं, उंदराला वेदना कळेना पण पाय व्यवस्थित हलत होता. अडचण उघड आहे: आधी मिरचीची आग सोसायची. माणसावर वापरण्याजोगं अजून काही हाती आलेलं नाही, पण विचार असा करावा.

आता बचनाग. वैद्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, लावलं की बधिरता येते. पण बचनागातलं अ‍ॅकोनिटिन वाहिनी बंद करत नाही, ते तिला उघडी धरून ठेवतं. तंतू सतत पेटलेला राहतो, आधी मुंग्या येतात, मग थकून तो गप्प होतो. आणि हे अ‍ॅकोनिटिन हृदयाच्या वाहिनीला सोडत नाही. ठोके असे बिघडतात की नेहमीची औषधं हात टेकतात. कोकणातल्या लाल विंचवाचं विषही वाहिनी बंद होऊ देत नाही. त्यातून शरीरात जो हल्लकल्लोळ माजतो, त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. उघडं धरणारं विष आणि बंद करणारं विष, दोन्ही बधिर करू शकतात, पण धोका पूर्ण वेगळा. गोमूत्रात किंवा दुधात शोधन केल्यावर अ‍ॅकोनिटिन मोडून सौम्य होतं हे रसायनशास्त्रालाही पटतं. मोडलं किती, हे त्या डबीवरून कळत नाही. ताज्या टाक्यांच्या जखमेवर, जिथे कातडीचा अडसरच उरलेला नाही, तिथे बचनागाचा लेप अजिबात नको. आणि आई सर्दी-तापाला त्रिभुवनकीर्ती घेत असतील तर त्यातही शुद्ध केलेला वत्सनाभ, म्हणजे बचनागच, असतो; ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना तेवढं सांगा. घरातली माणसं याला औषधांत धरत नाहीत आणि आम्हाला ते नंतर कळतं.

मग पहाटे आईंना झालं काय? मणक्यातलं इंजेक्शन काही तासांत उतरलं, त्यावर एकदाच दिलेला ब्लॉक रात्रभर पुरला आणि पहाटे संपला. तोवर दुखत नव्हतं म्हणून कुणी गोळी दिली नाही, आईंनीही मागितली नाही. ब्लॉक उतरताना वेदना एकदम पूर्ण ताकदीने येते आणि तेव्हा घेतलेल्या गोळीला चढायला तास लागतो. म्हणजे त्या पहाटेचं दुखणं बऱ्याच अंशी वेळापत्रकाचं होतं, आणि ते आजच्या औषधांनी सुधारतं.

डाव्या गुडघ्याच्या वेळी भूलतज्ज्ञांना हे विचारा: अ‍ॅडक्टर कॅनालमध्ये ब्लॉक देणार का, आणि नळी ठेवणार का? मांडीच्या आतल्या बाजूला, सार्टोरियस स्नायूच्या खाली, सोनोग्राफीच्या पडद्यावर धडधडणारी रोहिणी दिसते आणि तिच्या कडेला सॅफेनस नस. तिथे औषध सोडलं की गुडघ्याच्या पुढच्या भागाची वेदना बरीच जाते आणि मांडीची ताकद बहुतांशी राहते. पूर्वी जांघेत फिमोरल ब्लॉक द्यायचे, तेव्हा रोगी पांघरुणाखाली हात घालून चाचपायचे आणि म्हणायचे, 'साहेब, मारो पग तो छे ज नहीं!' (माझा पाय तर नाहीच!) तो काळ गेला. तुम्हाला हवा असलेला 'पाय हलता ठेवणारा' ब्लॉक रेणूच्या निवडीने अजून मिळत नाही, पण जागेच्या निवडीने आज मिळतो. बारीक नळी ठेवून ०.२ टक्के रोपिवाकेन छोट्या पंपाने सोडलं तर दोन-तीन दिवसही मिळतात. गुडघ्याच्या मागच्या बाजूसाठी आयपॅक हा वेगळा ब्लॉक आहे, किंवा सर्जन आतूनच औषध टोचतात. सगळीकडे नळीची सोय नसते, कारण तिच्यावर लक्ष ठेवायला रात्रीची नर्स लागते. सोय नसेल तर तसं आधी कळलेलं बरं.

दुसरं, गोळ्या घड्याळाप्रमाणे. पॅरासिटामॉल नियमाने, दुखो वा न दुखो. मात्रा वजन आणि यकृत पाहून ठरते. आईंचं वजन ५० किलोच्या आत असेल तर आवर्जून सांगा. सूज कमी करणाऱ्या गोळ्या द्यायच्या की नाही ते मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरेल. ब्लॉक उतरायची अंदाजे वेळ भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या आणि दुखण्याची गोळी त्याच्या दोन तास आधी द्या, झोपेतून उठवावं लागलं तरी.

शिवाय रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची घेतलेली वेळ लिहून न्या. 'ती लाल छोटी गोळी' एवढ्यावरून मणक्यात सुई घालता येत नाही. पाकीटच सोबत नेलंत तर उत्तम.